लॉराँ क्लेर : हातांच्या भाषेचा आचार्य

फ्रान्सच्या आग्नेय भागात, लिओं शहरापासून फार दूर नाही अशा ला बाल्म नावाच्या खेड्यात 26 डिसेंबर 1785 रोजी लॉराँ क्लेर यांचा जन्म झाला. फ्रेंच राज्यक्रांतीला तेव्हा साडेतीन वर्षांचा अवकाश होता. वडील राजाच्या सेवेतील नोटरी आणि गावचे महापौर. घर खाऊनपिऊन सुखी होते. मूल वर्षाचे असताना खुर्चीवरून चुलीच्या निखाऱ्यांत पडले आणि त्याचा उजवा गाल भाजला. त्यानंतर आलेल्या तापाने मुलाचे कान गेले, गंधज्ञानही गेले, असे घरचे लोक सांगत. मोठेपणी स्वतः क्लेर यांना मात्र याची खात्री वाटत नसे. आपण जन्मतःच बहिरे असू, असेही त्यांना वाटे. गालावरचा तो व्रण मात्र आयुष्यभर राहिला आणि कर्णबधिरांच्या समाजात तोच त्यांचे नाव झाला. उजव्या हाताची पहिली दोन बोटे गालावरून खाली ओढली की ते क्लेर यांचे नाव झाले. अमेरिकेतील कर्णबधिर मंडळी आजही त्यांचे नाव असेच घेतात.

ज्योतिराव, सावित्रीमाई, शाहू महाराज आणि बाबासाहेब यांच्या चरित्रांना सरावलेल्या आपल्या स्मरणिकेच्या वाचकांना हे नाव परके वाटेल. परंतु 'मूक' या शब्दाशी आपले नाते जुने आहे. 31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांनी पाक्षिक काढले तेव्हा त्याला 'मूकनायक' हे नाव दिले. ज्या समाजाच्या वतीने ते बोलणार होते त्या समाजाला वाचा नव्हती असे नव्हे. त्याची वाचा ऐकण्याची तसदी कोणी घेतलेली नव्हती. कर्णबधिरांची गोष्टही नेमकी हीच आहे. त्यांना भाषा नव्हती असे नाही. ती हातांत होती, चेहऱ्यावर होती. ऐकणाऱ्यांच्या जगाने तिला भाषा म्हणण्याचे नाकारले. क्लेर यांचे चरित्र हे या नकाराविरुद्ध एका कर्णबधिर शिक्षकाने चालविलेल्या पन्नास वर्षांच्या कामाचे चरित्र आहे.

हा नकार केवळ युरोपातला नव्हता. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध, बहिरा आणि मुका यांना वडिलोपार्जित संपत्तीत वाटा नाकारलेला आहे. त्यांना फक्त अन्नवस्त्र द्यावे, असे ते शास्त्र सांगते. ज्या ग्रंथाचे 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला दहन झाले त्या ग्रंथाची ही बाजू आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. योगायोगाने पुढच्याच वर्षी, 1928 मध्ये, हिंदू वारसाहक्कातील या अपात्रता दूर करणारा कायदा झाला. रोमन कायद्यातही जन्मतः बधिर आणि मुक्या माणसाला मृत्युपत्र करता येत नसे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने आपल्या घरचेही लपवू नये. विनयपिटकातील महावग्गात ज्यांना प्रव्रज्या देऊ नये अशांची यादी आहे, तीत आंधळा, मुका आणि बहिरा यांचा समावेश आहे. हे नियम संघाच्या व्यवहारासाठी होते, माणसाच्या मोलाविषयी नव्हते, असे त्यांचे समर्थन करता येते. तरीही ते वाचताना मन अडखळते. ज्या तथागतांच्या मूर्तींनी अभयाचा आणि धम्मचक्राचा अर्थ हाताच्या मुद्रेतून शतकानुशतके जगाला सांगितला, त्यांच्या संघाच्या दारात हातांनी बोलणाऱ्याला थांबावे लागले.

क्लेर बारा वर्षांचे होईपर्यंत शाळेत गेले नाहीत. आईने सात वर्षांच्या मुलाला लिओंला नेले. तेथील वैद्याने पंधरवडाभर रोज त्याच्या कानांत कसलीशी द्रव्ये सोडली. उपयोग शून्य. मग मुलगा गावात हिंडे, गुरे आणि टर्की कोंबड्या राखे, घोड्याला पाण्यावर नेई. घरच्यांशी बोलण्यासाठी त्याने आणि घरच्यांनी मिळून काही खुणा तयार केल्या होत्या. जेवण, पाणी, ये, जा, नको, एवढ्यापुरत्या. कर्णबधिर मूल असलेल्या प्रत्येक घरात अशा खुणा उगवतात. आपल्या राजुरा, गोंडपिपरी, एटापल्लीच्या गावांतही उगवतात. पण त्यांनी काल काय झाले हे सांगता येत नाही आणि उद्या काय करायचे हे विचारता येत नाही. का, हा प्रश्न तर त्यांत मावतच नाही. मुलाच्या भाषेची पायाभरणी पहिल्या पाचसहा वर्षांत होते, हे आज बालशिक्षणाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. ती वर्षे ज्याची रिकामी गेली त्याचे नुकसान कानाने होत नाही, भाषेच्या उपासमारीने होते. क्लेर यांची बुद्धी विलक्षण होती म्हणून ते या उपासमारीतून तरले. सगळीच मुले तरत नाहीत.

1797 मध्ये त्यांच्या काकांनी त्यांना पॅरिसला नेले आणि राष्ट्रीय मूकबधिर संस्थेत घातले. या संस्थेमागे एका धर्मगुरूचे नाव आहे, आबे द लेपे यांचे. 1760 च्या सुमारास पॅरिसच्या एका घरात त्यांना दोन बहिऱ्या बहिणी भेटल्या. त्यांना शिकविणारा पाद्री वारला होता. लेपे यांनी त्यांना शिकवायला घेतले, आणि शिकविण्याआधी त्यांच्याकडून त्यांच्या खुणा शिकून घेतल्या. मोठेपण या दुसऱ्या गोष्टीत आहे. त्यांनी पुढे स्वतःच्या खर्चाने शाळा चालविली, गरीब मुलांना मोफत घेतले आणि आपली पद्धत कोणापासूनही लपवून ठेवली नाही. 1789 मध्ये ते वारले. दोन वर्षांनी क्रांतीच्या राष्ट्रसभेने त्यांची शाळा राष्ट्राच्या ताब्यात घेतली.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. लेपे यांनी खुणांची भाषा निर्माण केली, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. ते खरे नाही. पॅरिसचे कर्णबधिर आपापसांत आधीपासूनच हातांनी बोलत होते. पिएर देलोज नावाच्या एका बहिऱ्या पुस्तकबांधणी कारागिराने 1779 मध्ये स्वतः पुस्तक लिहून ही गोष्ट जगापुढे मांडली. लेपे यांनी त्या भाषेत भर घातली ती फ्रेंच व्याकरणाची. लिंग, वचन, काळ, उपपद, प्रत्येकासाठी वेगळी खूण. ही रचना पांडित्याची होती, पण वापरायला जड होती, आणि मुलांनी वर्गाबाहेर ती कधीच मनापासून वापरली नाही. तळातल्या माणसांनी घडविलेल्या गोष्टीचे श्रेय वरच्या माणसाच्या नावे जमा होणे, ही इतिहासलेखनाची जुनी सवय आहे. आपल्याला ती वेगळी सांगायला नको.

क्लेर शाळेत आले तेव्हा आबे सिकार हे मुख्य होते. पण क्लेर यांचे खरे गुरू झाँ मास्यू. मास्यू स्वतः जन्मतः बहिरे. बोर्दोजवळच्या एका गरीब घरात जन्मलेले, भावंडेही बहिरी, लहानपणी मेंढ्या राखलेले. सिकार यांनी त्यांना शिकविले ते असे की, आधी वस्तूचे चित्र काढायचे, मग त्या चित्राच्या रेषांतच त्या वस्तूच्या नावाची अक्षरे लिहायची, आणि हळूहळू चित्र पुसून अक्षरेच ठेवायची. पुढे हेच मास्यू त्या शाळेत शिक्षक झाले. क्रांतीच्या धामधुमीत 1792 मध्ये सिकार यांना अटक झाली. त्या वेळी याच बहिऱ्या शिष्याने राष्ट्रसभेपुढे लेखी अर्ज मांडून आपल्या गुरूसाठी रदबदली केली. सिकार त्या सप्टेंबरातील कत्तलीतून वाचले.

बारा वर्षांच्या क्लेर यांनी आयुष्यात प्रथमच पाहिले की आपल्यासारखा माणूस वर्गापुढे उभा आहे. तो शिकवतो आहे आणि सारे त्याचे ऐकत आहेत, म्हणजे पाहत आहेत. ज्यांनी पहिल्यांदा आपल्या वस्तीतला माणूस मास्तर झालेला पाहिला त्या पिढीला या क्षणाचे मोल कळेल.

याच शाळेत त्यांना एक वेगळा अनुभवही आला. मार्गारों नावाचा एक साहाय्यक पाद्री त्यांना तोंडाने उच्चार करायला शिकवीत असे. द आणि त यांतला फरक मुलाला जमेना. जो आवाज कधी ऐकलाच नाही तो काढायचा कसा? शिक्षकाने संतापून हनुवटीखाली असा ठोसा दिला की मुलाची जीभ दातांखाली सापडली. त्या दिवशी क्लेर यांनी ठरविले की पुन्हा बोलायला शिकायचे नाही. ते वचन त्यांनी त्र्याऐंशीव्या वर्षापर्यंत पाळले. त्यांच्या लेखी फ्रेंचची आणि नंतर इंग्रजीची विद्वानांनी वाखाणणी केली, ते दोन देशांच्या राजधान्यांत मान्यवरांशी पाटीवर लिहून बोलले, परंतु तोंडातून शब्द काढला नाही. छडीच्या जोरावर शिकविणाऱ्या सर्वांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

वयाच्या विशीतच ते त्या शाळेत शिक्षक झाले आणि लवकरच सर्वांत वरचा वर्ग त्यांच्याकडे आला. 1815 मध्ये नेपोलियन एल्बा बेटावरून परतला तेव्हा राजनिष्ठ सिकार यांनी मास्यू आणि क्लेर यांना बरोबर घेऊन लंडन गाठले आणि तेथे जाहीर प्रयोग केले. सभेतले लोक प्रश्न विचारीत, सिकार खुणांनी ते सांगत, आणि हे दोघे फळ्यावर खडूने उत्तरे लिहीत. सद्गुण म्हणजे काय, कृतज्ञता म्हणजे काय, असे ते प्रश्न असत. बहिऱ्याला अमूर्त विचार करता येतो की नाही याचीच ती परीक्षा होती. माणसाला आपण माणूस आहोत हे पुराव्यानिशी सिद्ध करावे लागणे किती अपमानास्पद असते! पण त्या काळी दार उघडायला दुसरी किल्ली नव्हती.

त्या सभेत थॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट हे अमेरिकन तरुण धर्मोपदेशक बसले होते. अमेरिकेतील कनेटिकट राज्याच्या हार्टफर्ड गावात त्यांच्या शेजारी डॉक्टर मेसन कॉग्जवेल राहत. त्यांची लेक ॲलिस दोन वर्षांची असताना तापाने बहिरी झाली होती. ॲलिस भावंडांचा खेळ दूर उभी राहून बघत असे. गॅलॉडेट यांनी तिला आपली टोपी दाखविली आणि जमिनीवर टोपी हा शब्द लिहून दाखविला, तेथून सारे सुरू झाले, असे सांगतात. डॉक्टरांनी वर्गणी जमवून त्यांना युरोपात पाठविले, बहिऱ्यांना शिकविण्याची विद्या आणायला. ब्रिटनमधील ब्रेडवुड घराण्याच्या शाळा तोंडी पद्धतीने शिकवीत. ती पद्धत त्यांनी व्यापारी गुपितासारखी जपली होती. त्यांच्या अटी गॅलॉडेट यांना मान्य होण्यासारख्या नव्हत्या. विद्या कुलूपबंद ठेवणाऱ्यांचे दार बंद झाले म्हणूनच ते विद्या वाटणाऱ्यांच्या दारी, पॅरिसला, गेले.

1816 च्या वसंतात ते पॅरिसला काही महिने शिकले. एवढ्या अवधीत भाषा येत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. तेव्हा त्यांनी क्लेर यांनाच बरोबर येण्याची विनंती केली. क्लेर यांच्या आईने परोपरीने विरोध केला. सिकार यांना आपल्या कॅथलिक शिष्याच्या धर्माची काळजी पडली. अखेर तीन वर्षांचा करार झाला आणि त्यात क्लेर यांना त्यांच्या धर्माविरुद्ध काही शिकवावे लागणार नाही, असे कलमही घातले गेले. 18 जून 1816 रोजी हे दोघे जहाजात बसले. प्रवास बावन्न दिवसांचा झाला. त्या बावन्न दिवसांत क्लेर यांनी गॅलॉडेट यांना खुणा शिकविल्या आणि गॅलॉडेट यांनी क्लेर यांना इंग्रजी. क्लेर रोज इंग्रजीत दैनंदिनी लिहीत आणि गॅलॉडेट ती तपासत. डेकवरची ती शाळा मला या संपूर्ण चरित्रातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. दोन माणसे, दोन्ही गुरू, दोन्ही शिष्य, आणि कोणीही कोणावर उपकार करीत नव्हता.

9 ऑगस्ट 1816 रोजी ते न्यूयॉर्कला उतरले. याच बंदरात 1913 मध्ये आपले भीमराव ज्ञानासाठी उतरले. सत्त्याण्णव वर्षांनी, उलट प्रयोजनाने. एक विद्या द्यायला आला होता, दुसरा घ्यायला.

पुढचे काही महिने क्लेर गावोगावच्या सभांत उभे राहून पाटीवर उत्तरे लिहीत हिंडले. लोकांनी वर्गणी दिली, कनेटिकटच्या विधिमंडळाने पाच हजार डॉलर दिले, आणि 15 एप्रिल 1817 रोजी हार्टफर्डच्या एका हॉटेलात भाड्याच्या जागेत सात विद्यार्थ्यांची शाळा सुरू झाली. ॲलिस कॉग्जवेल पहिली विद्यार्थिनी. पहिल्या तुकडीत जॉन ब्रूस्टर नावाचे एक्कावन्न वर्षांचे कर्णबधिर चित्रकारही होते, त्यांची व्यक्तिचित्रे आज अमेरिकेच्या संग्रहालयांत आहेत. एकाच वर्गात अकरा वर्षांची मुलगी आणि एक्कावन्न वर्षांचा चित्रकार! प्रौढ साक्षरतेचे वर्ग चालविलेल्यांना हे दृश्य परके वाटणार नाही.

1818 मध्ये क्लेर वॉशिंग्टनला गेले, काँग्रेसमध्ये सभापती हेन्री क्ले यांच्या शेजारी त्यांना बसविण्यात आले, आणि पुढच्या वर्षी काँग्रेसने शाळेला अलाबामात तेवीस हजार एकर जमीन दिली. ती विकून शाळेचा निधी उभा राहिला. हे वाचताना बल्लारपूरच्या माणसाच्या मनात एक प्रश्न येतोच. ती जमीन कोणाची होती? ती काही वर्षांपूर्वीच तेथील मूळ रहिवाशांकडून युद्धाने आणि तहाने हिसकावलेल्या मुलखातली होती. खांडक्या बल्लाळशहाच्या राजधानीत राहणाऱ्यांनी, ज्यांच्या भोवतालच्या गोंडांची जंगले कधी राखीव झाली आणि कधी खाणीत गेली, त्यांनी हा तपशील वगळून पुढे जाऊ नये. एका वंचिताचे भले दुसऱ्या वंचिताच्या जमिनीवर उभे राहिल्याची उदाहरणे इतिहासात कमी नाहीत. क्लेर यांनी यावर काही विचार केल्याचे दिसत नाही.

हार्टफर्डला येणारी मुले कोरी नव्हती. प्रत्येकाने घरच्या खुणा आणल्या होत्या. काही मुले मार्थाज व्हिनियार्ड बेटावरून आली. तेथे आनुवंशिक कारणाने पिढ्यानपिढ्या बहिरेपण मोठ्या प्रमाणात होते, आणि म्हणून ऐकणारेही लहानपणापासून हातांनी बोलत. मासेमारीच्या नावांवर, दुकानात, चर्चमध्ये. कोण बहिरा आणि कोण ऐकता याला त्या गावांत फारसे महत्त्वच उरले नव्हते. या मुलांची भाषा, इतर घरांतल्या खुणा आणि क्लेर यांनी आणलेली फ्रेंच संकेतभाषा, या तिन्ही वसतिगृहाच्या अंगणात एकमेकींत मिसळल्या, आणि त्यातून आजची अमेरिकन संकेतभाषा उभी राहिली. वसतिगृह हे भाषेचे पाळणाघर असते, हे निवासी शाळा चालविणाऱ्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे पहिलीला माडिया, गोंडी, तेलुगू बोलत आलेली मुले दिवाळीपर्यंत एकमेकांची भाषा बोलू लागतात. अमेरिका आणि इंग्लंड दोघांची इंग्रजी एक, पण दोन्हीकडची कर्णबधिर माणसे एकमेकांना सहज समजू शकत नाहीत, कारण अमेरिकेची संकेतभाषा इंग्लंडची नव्हे, फ्रान्सची मुलगी आहे. हा एका माणसाच्या प्रवासाचा परिणाम.

लेपे यांच्या जड व्याकरणी खुणा सुरुवातीला हार्टफर्डलाही शिकविल्या गेल्या. पण दीडदोन दशकांत त्या मागे पडल्या, आणि मुले जी बोलत तीच भाषा वर्गात आली. तीतून अर्थ समजावायचा आणि मग लेखी इंग्रजीकडे न्यायचे, असा क्रम ठरला. मातृभाषेतून शिक्षण म्हणतात ते हेच. येथे एक गैरसमजही दूर करावा. संकेतभाषा म्हणजे मराठी किंवा इंग्रजी शब्दांचे हाताने केलेले भाषांतर नव्हे, मूकनाट्यही नव्हे. तिचे स्वतःचे व्याकरण असते. हात कोठे धरला, तळवा कोणीकडे वळला, हालचाल कशी झाली, भुवया वर गेल्या की खाली, या सर्वांनी अर्थ बदलतो. भुवया उंचावल्या की विधानाचा प्रश्न होतो. विल्यम स्टोकी या प्राध्यापकाने 1960 मध्ये हे भाषाशास्त्राच्या कसोटीवर दाखविले. ते ज्या महाविद्यालयात शिकवीत, त्यातील सहकाऱ्यांनाही आधी ते पटले नव्हते.

क्लेर यांनी 3 मे 1819 रोजी आपली विद्यार्थिनी एलायझा बोर्डमन हिच्याशी विवाह केला. ती कर्णबधिर. बहिऱ्याने बहिरीशी लग्न करू नये, असा सल्ला त्यांना हितचिंतकांनी दिला होता. त्यांनी तो ऐकला नाही. त्यांची मुले ऐकणारी निघाली आणि घरात हातांची भाषा बोलत वाढली. त्यांचा एक मुलगा पुढे धर्मोपदेशक झाला. गंमत अशी की गॅलॉडेट यांनीही दोन वर्षांनी सोफिया फाउलर या कर्णबधिर विद्यार्थिनीशीच विवाह केला. क्लेर यांच्या मृत्यूनंतर, 1883 मध्ये, टेलिफोनचे जनक ग्रॅहम बेल यांनी बहिऱ्यांचे आपसांतले विवाह मानवजातीला घातक ठरतील असा प्रबंध मांडला. त्यांची स्वतःची आई आणि पत्नी दोघीही बहिऱ्या होत्या. विवाहावर नियंत्रण म्हणजे समाजावर नियंत्रण, हे 1916 मध्ये कोलंबियातील आपल्या प्रबंधात बाबासाहेबांनी जातीच्या संदर्भात दाखविले. हत्यार तेच असते, फक्त फिरते निरनिराळ्या दिशांनी.

तीन वर्षांचा करार संपला, पण क्लेर परत गेले नाहीत. 1820, 1835 आणि 1846 मध्ये ते फ्रान्सला भेटीपुरते गेले. मधे काही महिने त्यांनी फिलाडेल्फियाच्या शाळेचे प्रमुखपद तात्पुरते सांभाळले. ते वगळता 1858 पर्यंत हार्टफर्डच्या वर्गात ते उभे राहिले. केंटकीसारख्या दूरच्या राज्यांतून नवे शिक्षक त्यांच्याकडे शिकायला येत आणि परत जाऊन आपल्या शाळा उभ्या करीत. पण हार्टफर्डचे मुख्याध्यापकपद त्यांना कधीच मिळाले नाही. तेथे ऐकणारेच बसले. आज वॉशिंग्टनचे विद्यापीठ गॅलॉडेट यांच्या नावाने आहे. तेथील प्रसिद्ध पुतळ्यात गॅलॉडेट आहेत, ॲलिस आहे, क्लेर नाहीत. गॅलॉडेट सज्जन होते, हे या खटकण्याने कमी होत नाही. त्या विद्यापीठाला कर्णबधिर प्रमुख मिळायला मात्र 1988 साल उजाडले, तेही विद्यार्थ्यांनी दरवाजे अडवून आंदोलन केल्यावर. स्थापनेनंतर 124 वर्षांनी.

1864 मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी त्या महाविद्यालयाला पदव्या देण्याचा अधिकार देणाऱ्या कायद्यावर सही केली. उद्घाटनाला अठ्ठ्याहत्तर वर्षांचे क्लेर उपस्थित होते. 18 जुलै 1869 रोजी हार्टफर्डमध्ये त्यांचे निधन झाले.

ऐकणाऱ्या लहान मुलांनाही बहिऱ्या मुलांच्या सोबत बसवून हातांची भाषा शिकवावी, हा विचार त्यांच्या हयातीतच प्रत्यक्षात आला होता. डेव्हिड बार्टलेट हे पूर्वी हार्टफर्डला शिकविलेले शिक्षक. त्यांनी 1852 मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक छोटी कुटुंबवजा शाळा काढली. इतर शाळा मुले मोठी झाल्यावर घेत. बार्टलेट लहान वयातच घेत, आणि त्यांच्या ऐकणाऱ्या भावंडांनाही घेत. मुले एकत्र जेवत, खेळत, शिकत, आणि सगळ्यांचे हात बोलत. ती शाळा सुमारे दहा वर्षांत बंद पडली, पण कल्पना चुकीची होती म्हणून नव्हे. भावाला बहिणीशी बोलता यावे, शेजारच्या मुलाला खेळाचे नियम सांगता यावेत, यासाठी ऐकणाऱ्याने चार पावले पुढे यायला काय हरकत आहे? एकट्या बहिऱ्या मुलाने ओठ वाचत साऱ्या वर्गाकडे चालत जावे, ही अपेक्षा आपण करतो आणि तिलाच समावेशन म्हणतो. ऐकणारी लहान मुले हातांच्या खुणा मास्तरांपेक्षा लवकर उचलतात, हे ज्या शिक्षकाच्या वर्गात एखादे कर्णबधिर मूल बसले आहे त्याने पाहिलेच असेल.

क्लेर यांच्यानंतर अकरा वर्षांनी, सप्टेंबर 1880 मध्ये, इटलीतील मिलान येथे बहिऱ्यांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. 164 प्रतिनिधींत कर्णबधिर प्रतिनिधी फक्त एक. त्या परिषदेने तोंडी पद्धतच श्रेष्ठ आणि खुणा त्याज्य, असा ठराव प्रचंड बहुमताने केला. त्यानंतर शंभर वर्षे शाळाशाळांतून मुलांचे हात बांधले गेले, खुणा केल्या म्हणून शिक्षा झाल्या, आणि कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. ज्यांच्या भवितव्याचा निर्णय होतो त्यांचा प्रतिनिधी सभेत नसेल तर काय होते, हे समजण्यासाठी आपल्याला मिलानपर्यंत जावे लागत नाही. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी प्रतिनिधित्वासाठी एवढा आग्रह का धरला, त्याचे उत्तर येथेही सापडते. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या बहिऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या आणि दरिद्री होत्या. त्यांच्याकडे तोंडी पद्धतीचे महागडे शिक्षक उशिरा पोहोचले, आणि म्हणून जुन्या खुणा त्यांच्याच हातांत अधिक काळ जिवंत राहिल्या. 2010 मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे त्याच परिषदेच्या एकविसाव्या अधिवेशनाने मिलानच्या ठरावांबद्दल अधिकृतपणे खेद व्यक्त केला.

आपल्याकडे मुंबईत कर्णबधिरांची पहिली शाळा 1880 च्या दशकात, म्हणजे मिलानच्या छायेतच, बिशप मॉरिन यांच्या पुढाकाराने निघाली. कोलकात्याची 1893 मध्ये. पुढील दीर्घ काळ आपल्या बहुतेक शाळांत बोलायला लावणे हेच शिक्षणाचे ध्येय राहिले. मुलांनी वसतिगृहात आणि मधल्या सुट्टीत मात्र आपली भाषा जोपासली. आज तिला भारतीय संकेतभाषा म्हणतात. ती मराठीवर, हिंदीवर किंवा तेलुगूवर अवलंबून नाही. वर्धा नदीच्या पलीकडे काही कोसांवर तेलंगण सुरू होते. तेथे गेलेल्या बल्लारपूरच्या ऐकणाऱ्या माणसाला दुभाषा लागतो, कर्णबधिर माणसाला तितका लागत नाही. प्रांतोप्रांतीच्या खुणांत फरक आहेत, पण व्याकरण बरेचसे समान आहे.

2015 मध्ये दिल्लीत भारतीय संकेतभाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याच्या शब्दकोशात 2018 मध्ये तीन हजार शब्द होते, 2021 मध्ये दहा हजार झाले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने संकेतभाषा जाणणारे शिक्षक, दिव्यांग शिक्षकांसह, घडविणे आणि नेमणे ही शासनाची जबाबदारी ठरविली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात देशभर या भाषेचे प्रमाणीकरण करण्याचे म्हटले आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील आश्रमशाळा आणि निवासी शाळांपर्यंत यातले किती पोहोचले, ते ज्याने त्याने आपल्या शाळेची शिक्षक यादी पाहून ठरवावे. 16 ऑक्टोबर 1956 रोजी चंद्रपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली त्या जनसमुदायातही कानाने न ऐकणारी माणसे असतीलच. बावीस प्रतिज्ञा त्यांना कोणी हातांनी सांगितल्या असतील का, हा प्रश्न विचारायला आपण सत्तर वर्षे घेतली.

दिल्लीच्या त्या केंद्रात भारतीय संकेतभाषा शिकविण्याची एक पदविका आहे. तिला प्रवेश कर्णबधिर उमेदवारांना मिळतो. ऐकणाऱ्यांसाठी दुभाषाची पदविका वेगळी आहे, पण भाषेचा शिक्षक होण्याची वाट त्यांनी कर्णबधिरांसाठी राखली आहे. मास्यू यांच्या वर्गात बसलेल्या बारा वर्षांच्या मुलाने जे पाहिले ते दाखवू शकणारी माणसे या पदविकेतून बाहेर पडत आहेत, आणि त्यांना वर्ग हवे आहेत.